तुम्ही लढता झकास, पण तुमच्या गावात कुणी राहतच नाही

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे मध्येच वाचायला घेणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचं वय २७, नोकरी पुण्यात. सातवीपासून अ‍ॅक्शन गेम खेळताय : व्हाइस सिटी, काउंटर-स्ट्राइक, नंतर डेव्हिल मे क्राय, आणि मागच्या वर्षी सेकिरोसुद्धा शेवटपर्यंत नेलात. ऑफिसातली पाच जणं दर शनिवारी रात्री एज ऑफ एम्पायर्स २, म्हणजे गाव वसवून, फौज उभारून समोरच्याचं राज्य बुडवायचा स्ट्रॅटेजी खेळ, खेळतात, त्यांच्यात तुम्ही सहावे म्हणून शिरलात, आणि गेले दोन महिने दर डावात पहिलं राज्य बुडतंय ते तुमचं. यूट्यूबवरून बिल्ड ऑर्डर, म्हणजे काय कधी करायचं त्याचा ठरलेला क्रम, पाठ केलीत, तरी एकट्याने खेळताना ‘मॉडरेट’वरचा कॉम्प्युटरही पंचविसाव्या मिनिटाला तुमच्या घरात घुसतो. तुमचं म्हणणं, ‘माझा मेंदू स्ट्रॅटेजीचा नाहीच का? एज सोडून सिव्हिलायझेशन धरू का?’

मेंदूचा मुद्दा आधी निकालात काढू. काउंटर-स्ट्राइक खेळलाय ना? मग पहिल्या राउंडला हातात ८०० डॉलर असतात हे तुम्हाला झोपेतही आठवेल. एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल ४७५० ची. ती पुढच्या राउंडला हवी असेल तर हा राउंड पिस्तुलावर भागवायचा, हरलो तरी चालेल पण पैसे राखायचे, हे तुम्ही शाळेत असल्यापासून करताय. आत्ताचं नुकसान सोसून पुढची सोय बघायची, स्ट्रॅटेजीत याहून वेगळं काय असतं? डूम इटर्नल खेळला असाल तर तिथेही हाच हिशोब आहे. गोळ्या संपल्या की चेनसॉ, आर्मर हवं तर आग, जीव हवा तर ग्लोरी किल, म्हणजे अर्धमेल्या शत्रूला जवळ जाऊन संपवणं. दर काही सेकंदांनी तुम्ही कसली टंचाई आहे ते बघून निर्णय घेत असता. तेव्हा डोकं आहे, आणि ते चालतंही. अडलंय ते नजरेपाशी. तुमची नजर चुकीच्या ठिकाणी आहे.

अ‍ॅक्शन गेममध्ये महत्त्वाचं जे काही असतं ते समोर दिसत असतं. शत्रू दिसतो, त्याचा हात वर जातो, तुम्ही चुकवता. स्ट्रॅटेजीत, त्यातही एजसारख्या रिअल-टाइम खेळात, महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा स्क्रीनवर नसतेच. शिवाय ती घडत नसते, घडायची राहून जात असते. टाउन सेंटर, म्हणजे नवी माणसं जिथून निघतात ती गावाची मुख्य इमारत, रिकामं बसलंय, चार व्हिलेजर, म्हणजे गावकरी, तोडून संपलेल्या झाडांपाशी हात बांधून उभे आहेत, घर बांधलं नाही म्हणून लोकसंख्या अडलीय. यातल्या कशाचाच आवाज होत नाही. समोर तलवारी खणखणत असताना घरातली शांतता कोणाच्या लक्षात येणार?

हे मी आतल्या अनुभवावरून सांगतोय. आमची सुरुवात सांगलीतल्या एका सायबर कॅफेत, २००४-०५ च्या सुमारास. तासाला पंधरा रुपये, सहा मशीन, आणि लोडशेडिंगचे दिवस. वीज गेली की मालकाचा यूपीएस पाच मिनिटं तग धरायचा. प्रत्येक मशीनवर एज ऑफ एम्पायर्स होता, तरी आम्ही कुणी तो उघडायचो नाही. कारण अगदी साधं होतं. काउंटर-स्ट्राइकचे दहा-बारा राउंड तासात आरामात बसतात, एजचा एक डाव तासात संपेलच असं नाही, आणि मध्ये वीज गेली तर पंधरा रुपयेही गेले आणि साम्राज्यही गेलं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला ‘अ‍ॅक्शनवाला’ समजत होतो. आता वाटतं, ती माझी आवड कमी आणि आमच्या खिशातल्या पंधरा रुपयांची आवड जास्त होती. तुमच्याही बाबतीत असंच काही असू शकेल, बघा आठवून.

खरा धडा मिळाला पुण्यात, कोथरूडच्या खोलीवर. चार जण, तीन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप, आणि द कॉन्करर्स, म्हणजे एज २ ची २००० साली आलेली पुरवणी. नागपूरचा एक रूममेट मला रोज हरवायचा. त्याचा माउसवरचा हात माझ्यापेक्षा मंद होता, कधीकधी तर तो एका हाताने पोहे खात खेळायचा. एकदा तो कॅसल एजमध्ये, म्हणजे खेळातल्या तिसऱ्या युगात, पोचला आणि त्याने मँगोनेल आणली. मँगोनेल म्हणजे दगडफेकी यंत्र, एका दगडात दहा माणसं साफ. माझे बारा आर्चर तिच्यासमोर होते. दगड सुटला की आर्चर दोन्हीकडे फाकवायचे, पडला की एकत्र आणून बाण मारायचे, पुन्हा फाकवायचे. पाच दगड मी असे चुकवले. बारापैकी बारा जिवंत, मँगोनेल खलास. मी खुर्चीतून उठून ओरडलो. त्याने शांतपणे त्याच्या सहा नाइटांची, म्हणजे चिलखती घोडेस्वारांची, तुकडी माझ्या लाकूडतोड्यांवर सोडली आणि म्हणाला, ‘तू लढते मस्त बे, पण तुझ्या गावात कोणी राहतच नाही.’

मी परत गावात येऊन बघितलं. कॅसल एजला जायला ८०० फूड आणि २०० सोनं लागतं. माझ्याकडे दोन्ही होतं, वर थोडं उरतही होतं, आणि मी बटण दाबलं नव्हतं. टाउन सेंटर दोनेक मिनिटं तरी रिकामं होतं. त्या लढाईत मी वाचवले बारा आर्चर आणि गमावला अख्खा डाव, आणि त्या क्षणी मला मात्र आपण जिंकतोय असंच वाटत होतं.

याचा हिशोब एकदा कागदावर मांडा, म्हणजे पटेल. एज २ मध्ये तीन व्हिलेजर घेऊन सुरुवात होते. एक व्हिलेजर जन्माला यायला खेळातल्या घड्याळाने २५ सेकंद लागतात आणि ५० फूड. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, म्हणजे टाउन सेंटर एकदाही थांबलं नाही तर २४ नवे, आधीचे धरून २७. मधे लूम नावाची सुधारणा संशोधली, फ्यूडल एजचं, म्हणजे दुसऱ्या युगाचं, बटण दाबलं, तर तेवढा वेळ वजा करा. आता समजा तुमचे १८ च झाले. नऊ कमी. एक व्हिलेजर मिनिटाला साधारण वीसच्या आसपास माल आणतो, काय गोळा करतोय आणि किती चालावं लागतंय त्यावर कमीजास्त. पुढच्या दहा मिनिटांत त्या नऊ न जन्मलेल्यांनी आणला नसलेला माल झाला १८०० चा. त्यांच्या जन्माचे ४५० फूड वजा करा, राहिले १३५०. एका नाइटला ६० फूड आणि ७५ सोनं, म्हणजे १३५. दहा नाइट! विसाव्या मिनिटाला तुमच्या दारात येणारे ते दहा नाइट समोरच्याने काही जादूने आणलेले नसतात. ते तुम्हीच चौथ्या, सहाव्या, आठव्या मिनिटाला बनवायचे विसरलेले असता. हिशोब ढोबळ आहे, पण शंभर डावांनंतरही तो मला खोटा ठरलेला दिसला नाही.

दुसरी अडचण इथूनच निघते, आणि अ‍ॅक्शनवाल्यांना तीच जास्त छळते. सेकिरोत चूक केली की अर्ध्या सेकंदात तोंडात बसते. त्यामुळेच तो शिकवतो. चूक आणि शिक्षा इतक्या जवळजवळ असतात की मेंदूला वेगळं सांगावं लागत नाही. एजमध्ये चूक चौथ्या मिनिटाची, शिक्षा बाविसाव्या. मध्ये अठरा मिनिटं गेल्यावर मेंदू शिक्षेचा संबंध जोडतो एकविसाव्या मिनिटाशी, कारण तेवढंच त्याला आठवतं. म्हणून हरलेला माणूस म्हणतो, ‘माझी फौज कमी पडली, पुढच्या वेळी भिंत बांधतो.’ दोन महिने तुम्ही शिक्षा भोगताय पण गुन्हा कुठला तेच माहीत नाही, असं काहीसं झालंय.

तर मग करायचं काय? इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. रोज अर्धा तास मिळत असेल तर मी सांगतोय तो मार्ग तीन-चार आठवड्यांत फळ देतो. फक्त शनिवारच असेल तर तिप्पट वेळ धरा आणि चिडचिड करू नका. लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळत असाल तर आधी माउस घ्या, मग पुढचं वाचा. आणि सगळ्यांत मुख्य, तुम्हाला हा खेळ आवडतोय का, की फक्त ऑफिसातल्यांसमोर हरण्याचा राग आहे? राग असेल तर तोही चालेल, मी त्यावरच शिकलो. पण दोन्ही नसेल तर शनिवारी रात्री झोपा, त्यात कमीपणा नाही.

मी गेली काही वर्षं आमच्या गटात नवीन येणाऱ्यांना बसवतो, डझनभर तरी झाले असतील. बहुतेक शूटरवालेच. त्यांना पहिला आठवडा मी लढूच देत नाही. कॉम्प्युटरला अगदी सोप्या पातळीवर ठेवायचं, शेजारी वही ठेवायची, आणि खेळायची फक्त पहिली दहा मिनिटं. दहाव्या मिनिटाला किती व्हिलेजर झाले तो आकडा वहीत लिहायचा आणि डाव बंद. जिंकायचं नाही, हरायचंही नाही. अर्ध्या तासात असे दोन डाव होतात, बोलत-चुकत खेळलात तरी. पहिल्या दिवशी आकडा येतो १५-१६. आठवड्याच्या शेवटी २१-२२. हे कंटाळवाणं आहे, मला मान्य. पण तुम्ही सेकिरोत एकाच बॉससमोर पन्नास वेळा मेला आहात, तेव्हा कंटाळ्याची तक्रार माझ्यापाशी चालायची नाही.

यात खरं शिकायचंय ते एक फेरी मारायला. साधारण दर २०-२५ सेकंदांनी, समोर काहीही चालू असो, एच दाबायचं, म्हणजे टाउन सेंटरवर पोचता. व्हिलेजर रांगेत टाकायचा. लोकसंख्येचा आकडा बघायचा, घर लागेल का? एक घर २५ लाकडाचं आणि पाच माणसांचं, म्हणजे साधारण दर दोन मिनिटांनी एक. मग पूर्णविरामाची की, रिकामा व्हिलेजर असेल तर तो सापडतो, त्याला कामाला लावायचं. परत लढाईवर. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. काउंटर-स्ट्राइकमध्ये मधूनमधून रडारवर नजर टाकायची सवय तुम्हाला आहेच. कोणी सांगितलं म्हणून तुम्ही बघत नाही, डोळा आपोआप जातो. ही फेरी तशी अंगवळणी पडली पाहिजे. पहिले आठ-दहा दिवस ती आठवून आठवून मारावी लागेल, आणि त्या काळात तुमची लढाई आणखी वाईट होईल. होऊ द्या. बारापैकी चार आर्चर मेले आणि टाउन सेंटर चालू राहिलं, तर तो सौदा फायद्याचा आहे.

बिल्ड ऑर्डरबद्दल. ती पाठ करून उपयोग होत नाही असं नाही, पण पाठांतर पहिल्याच अडचणीला मोडतं. रानडुक्कर सापडायला उशीर झाला की पुढची पानंच कोरी. म्हणून प्रत्येक पायरीचं कारण समजून घ्या. पहिले सहा जण मेंढ्यांवर का? तर पुढचे व्हिलेजर अखंड जन्मत राहायला जेवढं फूड लागतं तेवढं त्यांच्या हातून येतं. मेंढ्या एकेकच का मारायच्या? मारलेल्या मेंढीचं मांस सडत जातं, तीन एकदम पाडल्या तर दोन वाया. रानडुक्कर टाउन सेंटरपाशी ओढून का आणायचं? त्यात ३४० फूड असतं, आणि ते जंगलातच मारलं तर प्रत्येक खेपेला एवढं अंतर चालत बसावं लागतं. ही कारणं डोक्यात असली की रानडुक्कर उशिरा मिळालं तरी तुम्ही गोंधळत नाही, मेंढ्यांवरची माणसं बेरींवर नेता आणि पुढे जाता. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये, म्हणजे २०१९ ची आवृत्ती, ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाची सराव-आव्हानं आहेत. त्यातलं सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचं आव्हान यूट्यूबच्या दहा व्हिडिओंपेक्षा चांगलं आहे, कारण ते तुम्हाला पदक देतं, आणि पदकासाठी आपण काहीही करतो.

दुसऱ्या आठवड्यापासून रिप्ले, म्हणजे खेळून झालेल्या डावाचं रेकॉर्डिंग, बघा. पण शेवट बघू नका. शेवट सगळेच बघतात, कारण तिथे लढाई असते. पहिली दहा मिनिटं वेग वाढवून बघा आणि फक्त टाउन सेंटरवर डोळा ठेवा. कुठे थांबलं? तेव्हा मी कुठे होतो? मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला दिसलं की माझा स्काउट, म्हणजे सुरुवातीला मिळणारा घोडेस्वार, समोरच्याच्या स्काउटशी भांडत होता आणि मी ते भांडण मिनिटभर बघत बसलो होतो. त्या भांडणातून मला काय मिळणार होतं? काही नाही. पण दोन घोडे समोरासमोर आले आणि माझ्यातला सायबर कॅफेवाला जागा झाला.

स्काउटवरून आठवलं. त्याचं काम लढण्याचं नाही, बातमी आणण्याचं आहे. आमची आजी मेंढीकोट खेळायची. तिला बुद्धिबळाचा ब माहीत नव्हता, पण कुठला दश्शा गेला, कुणी कुठल्या उतारीवर मान वळवली, हुकूम कुणाकडे उरलाय, हे सगळं तिच्या डोक्यात. ती म्हणायची, ‘पानं सगळ्यांना सारखीच वाटतात रे, बघत कोण होतं ते विचार.’ एजमध्ये दहा-बाराव्या मिनिटाला स्काउट समोरच्याच्या गावाभोवती एक चक्कर मारून आणा. दोन तबेले दिसले तर घोडे येणार. आर्चरी रेंज दिसल्या तर बाण. एवढ्या एका बातमीवर तुमची फौज ठरते.

कारण फौजेच्या बाबतीत अ‍ॅक्शनवाल्याची एक खोड असते, आवडतं हत्यार एकच. मी फक्त नाइट बनवायचो. चिलखत, घोडा, दिसायला रुबाबदार. रूममेट काय करायचा, तर भालेवाले स्पिअरमन. एका स्पिअरमनला ३५ फूड आणि २५ लाकूड, सोनं शून्य, आणि घोडेस्वारावर त्याचा वार कितीतरी जास्त बसतो. माझ्या एका नाइटच्या खर्चात त्याचे दोन भालेवाले उभे राहून वर थोडं उरायचं, सोनं तर सगळंच शिल्लक. भालेवाल्यांना आर्चर मारतात, आर्चरना स्कर्मिशर, म्हणजे लांबून भाले फेकणारे, अडवतात आणि नाइट तुडवतात, आणि चक्र फिरत राहतं. शूटरमध्ये आवडतं हत्यार म्हणजे ताकद असते, तुम्ही त्यावर हजार तास घासलेले असतात. इथे आवडतं हत्यार म्हणजे समोरच्याला आधीच दिलेली बातमी.

आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर : गाव चालू ठेवा, फेरी मारा, स्काउटची बातमी घ्या, मग फौज ठरवा, आणि हे सगळं याच क्रमाने. लढाईचं कौशल्य तुमच्याकडे आधीच आहे, ते शेवटी जोडायचं. ते जोडाल तेव्हा ऑफिसातल्या पाचही जणांना घाम फुटेल, कारण दगड चुकवणं त्यांना जमत नाही, तुम्हाला जमतं.

आता सिव्हिलायझेशनचं. सिव्हिलायझेशन ६ (२०१६) उत्तम खेळ आहे, पण तुमच्या आत्ताच्या अडचणीवर ते औषध नाही. घाई नसते हे खरं, चाली आलटून-पालटून असतात. पण चूक आणि शिक्षेतलं अंतर तिथे आणखी वाढतं. स्टँडर्ड वेगावर ५०० चाली असतात. चाळिसाव्या चालीला शहर चुकीच्या जागी वसवलं हे दोनशेव्या चालीला कळतं, म्हणजे कदाचित पुढच्या आठवड्यात. शिवाय ‘आणखी एकच चाल’ म्हणता म्हणता पहाटेचे तीन वाजतात, आणि तुम्ही नोकरी करता. खेळायचाच असेल तर प्रिन्स पातळीवर खेळा. तिथे ना तुम्हाला झुकतं माप असतं ना कॉम्प्युटरला, त्यामुळे हरलात तर का हरलात ते प्रामाणिकपणे कळतं.

त्यापेक्षा बाजूला एक छोटा खेळ ठेवा, इनटू द ब्रीच. २०१८ चा. आठ बाय आठचा पट, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू आपण पुढे काय करणार हे आधीच उघड दाखवतो. कुठल्या घरावर वार होणार तो चौकोन रंगवलेला असतो. तुम्ही शत्रूला मारायलाच पाहिजे असं नाही, एक चौकोन बाजूला ढकललंत तर त्याचा वार त्याच्याच भावावर बसतो. एक लढाई चार-पाच चालींत संपते. इथे चूक आणि शिक्षा यांत एकाच चालीचं अंतर आहे, म्हणून मी तुमच्यासारख्यांना सगळ्यांत आधी हाच देतो. हात शांत ठेवून विचार करायची सवय लागते, आणि जेवणाच्या सुट्टीत एक-दोन लढाया बसतात.

दुसरा, एक्सकॉम : एनिमी अननोन, २०१२ चा. शूटरवाल्याला तो लगेच कळतो, कारण त्यात आडोसा आहे. अर्धा आडोसा २० अंकांचं संरक्षण देतो, पूर्ण आडोसा ४० चं, बाजूने घेरलं की दोन्ही फुकट. मी माझ्या सैनिकांना कॉलेजच्या मित्रांची नावं दिली होती, ती चूक तुम्ही करू नका. ९५ टक्के नेम लागेल असं स्क्रीनवर लिहिलेलं असताना माझ्या स्नायपरचा नेम चुकला आणि पुढच्या चालीत आमच्या वर्गातला सगळ्यांत सज्जन मुलगा गेला, कायमचा. आठ दिवस मी त्या खेळाला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की मी त्याला उघड्यावर उभा केला होता, कारण ९५ टक्के म्हणजे शंभरच असं मी धरून चाललो होतो. तुमच्या हातात नेम असतो तेव्हा तुम्ही नेम सुधारता. नेम फाशांच्या हातात गेला की नेम चुकल्यावर काय होईल, त्याची सोय आधी करावी लागते. एजमध्ये याचाच अर्थ, फौज पाठवायच्या आधी मागे घर सांभाळायला कोण आहे ते बघणं.

एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो, कारण आज ना उद्या कोणीतरी तुम्हाला एम्पायर : टोटल वॉर सुचवेल. २००९ चा खेळ, मोहीम १७०० सालापासून सुरू होते आणि त्यात मराठा राज्य घेऊन खेळता येतं. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी गेमरने तो कधी ना कधी याच एका कारणासाठी घेतलाय, मीही घेतला. मुघलांना हरवायला काय आनंद होतो ते विचारू नका. पण त्यात राज्यकारभार वेगळा, लढाया वेगळ्या, कर वेगळे, तोफा वेगळ्या. शिकाऊ माणूस कर आणि शेतीचं सगळं आपोआपवर टाकतो आणि फक्त लढाया लढतो. म्हणजे फिरून कोथरूडच्या खोलीवरच. नंतर जरूर खेळा.

येत्या शनिवारसाठी दोन-चार व्यवहारी गोष्टी. सहा जण म्हणजे तीन विरुद्ध तीन खेळत असाल, तर मधली जागा मागा, जिला पॉकेट म्हणतात. दोन्ही कडांना तुमचे साथीदार असतात, पहिला मार त्यांच्यावर पडतो, आणि तुम्हाला गाव उभं करायला चार मिनिटं जास्त मिळतात. नकाशा अरेना घ्या म्हणावं, तिथे सुरुवातीपासूनच दगडी तटबंदी असते. ते अरेबियाच, म्हणजे तटबंदी नसलेला उघडा नकाशा, म्हणतील, कारण त्यांना तुम्हाला लवकर मारायची मजा येते. भांडा. आणि लाजू नका, ‘शिकतोय’ म्हणून सांगा, निदान एक जण तरी रिप्ले उघडून तुमच्याबरोबर बसेल. शिकवायला आवडणारा एक जण प्रत्येक गटात असतोच.

राज्य कुठलं निवडायचं तर सध्या फ्रँक्स. त्यांच्या घोडदळाचा जीव जास्त, शेतीच्या सुधारणा फुकट, म्हणजे बटणं विसरणाऱ्याला तेवढीच सवलत. २०२२ साली आलेल्या डायनॅस्टीज ऑफ इंडियामुळे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी वेगवेगळी राज्यं झाली आहेत, आणि आपली म्हणून ती घ्यावीशी वाटतात. पण त्यांतल्या एकाकडेही नाइट नाहीत, आणि गुर्जरांची तर सुरुवातच वेगळी, मेंढ्या मारायच्या नाहीत तर गिरणीत कोंडायच्या. पाठ केलेलं सगळं विसरून नवं पाठ करावं लागेल. दोन महिन्यांनी घ्या.

आणि अ‍ॅक्शन गेम सोडू नका. काही जण स्ट्रॅटेजी शिकले की शूटरवाल्यांकडे नाक मुरडून बघायला लागतात, मला त्यांचा कंटाळा येतो. मी अजूनही ऑफिसातून वैतागून आलो की डूमच उघडतो, वीस मिनिटं, आणि त्या रात्री एज उघडत नाही. थकलेल्या डोक्याने एज खेळलं की फेरी सुटते, फेरी सुटली की जुनी सवय उफाळून येते, आणि दोन आठवड्यांची मेहनत एका रात्रीत पाण्यात जाते. चिडलेल्या दिवशी अ‍ॅक्शन, ताज्या डोक्याने स्ट्रॅटेजी, असं मी ठरवूनच टाकलंय.

आता हे सगळं वाचून लगेच कॉम्प्युटरशी पूर्ण डाव मांडू नका. आज रात्री दहा मिनिटांचे दोनच डाव खेळा आणि दोन्ही वेळचे व्हिलेजर मोजून इथे लिहा, सोबत टाउन सेंटर कुठे थांबलं असं वाटतं तेही. आकडा लाजिरवाणा असेल तरी लिहा, माझा पहिला १४ होता. तुमचा २० च्या वर गेला की मग फ्यूडलला कितव्या व्हिलेजरला निघायचं ते बघू.